तिकीट कुणाच्या दारात?

(द्वितीय वर्ष, कला)

'तिकीट' हा शब्द आमच्या गावात दोन अर्थांनी वापरतात. एक एस. टी. चे तिकीट आणि दुसरे निवडणुकीचे. पहिल्याचे बरे असते. आपण गाडीत बसलो की कंडक्टर स्वतः आपल्याजवळ येतो आणि विचारतो, कुठे जायचे? दुसऱ्या तिकिटाच्या मागे आपल्यालाच फिरावे लागते आणि तुम्हाला लोकांना कुठे न्यायचे आहे, हे कुणीही विचारीत नाही. या शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. तिकीट 'मिळते', तिकीट 'आणतात', तिकीट 'कापतात'. गावाने एखाद्याला तिकीट दिले, असे मी तरी कधी ऐकलेले नाही. देणारा हात नेहमी वर आणि घेणारा खाली, हे आपल्या भाषेनेच मान्य करून टाकले आहे.

मागच्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी अमेरिकेच्या निवडणुका शिकविल्या. त्यात 'प्राथमिक निवडणूक' असा एक शब्द आला. पक्षाचा उमेदवार पक्षाचे सामान्य मतदार मतदान करून ठरवितात, एवढीच दोन ओळींची व्याख्या मी वहीत उतरवून घेतली आणि परीक्षेपुरती पाठ केली. 'प्राथमिक' म्हटल्यावर मला आमची जिल्हा परिषदेची शाळाच आठवली, हेही सांगून टाकते. पण 2025 च्या जून महिन्यात, मी सुट्टीत गावी असताना, त्या दोन ओळींचा अर्थ माझ्यापुढे उलगडत गेला. न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक तेव्हा चालू होती. आमच्याकडे पेरणीची गडबड होती, आणि मी बांधावर बसून भावाच्या मोबाइलवर त्या बातम्या वाचीत होते.

ही गोष्ट जोहरान ममदानी यांची आहे. त्या वेळी त्यांचे वय 33 वर्षांचे होते. जन्म युगांडातल्या कंपाला शहरातला. सात वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले आणि 2018 मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. वडील महमूद ममदानी हे नामांकित प्राध्यापक. त्यांचा जन्म आपल्या मुंबईतला, 1946 चा. आई मीरा नायर या चित्रपट-दिग्दर्शिका. मुंबईच्या रस्त्यांवरच्या मुलांवर 1988 मध्ये 'सलाम बॉम्बे' हा चित्रपट काढला, त्याच या. म्हणजे ममदानी आमच्यासारख्या घरातले नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. घरात पुस्तके होती, नाव होते, ओळखी होत्या. परंतु राजकारणात त्यांचे कुणी नव्हते. लोकांची घरे कर्जापायी जप्त होऊ नयेत म्हणून त्यांना सल्ला देण्याचे काम ते करीत असत. 2020 साली क्वीन्स भागातल्या अ‍ॅस्टोरियातून ते राज्याच्या विधानसभेवर गेले, तेही प्राथमिक निवडणुकीत आपल्याच पक्षाच्या विद्यमान सदस्याला हरवून. 2021 मध्ये कर्जात बुडालेल्या टॅक्सीचालकांबरोबर त्यांनी पंधरा दिवस उपोषण केले होते.

ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी महापौरपदाची उमेदवारी जाहीर केली तेव्हा त्यांना फारसे कुणी ओळखत नव्हते. फेब्रुवारी 2025 मधल्या पाहणीत त्यांना 1 टक्का पाठिंबा होता. समोर उभे राहिले ते अँड्र्यू कुओमो. वय 67, दहा वर्षे राज्याचे गव्हर्नर. 2021 मध्ये महिलांशी गैरवर्तनाच्या आरोपांनंतर त्यांनी राजीनामा दिला होता. ते आरोप त्यांनी नाकारले होते. त्यांचे वडीलही तीन वेळा गव्हर्नर होते. तेव्हा घराणी फक्त आपल्याकडेच असतात असे नाही. मोठे नेते, मोठ्या संघटना आणि मोठा पैसा कुओमो यांच्या बाजूला होता. त्यांच्या समर्थनार्थ उभ्या राहिलेल्या एका निधीतच सुमारे अडीच कोटी डॉलर जमले होते.

आपल्याकडे असा सामना असता तर गोष्ट इथेच संपली असती. एक टक्कावाल्या तरुणाला कुणीतरी बंगल्यावर बोलावून सांगितले असते, "अजून वय आहे तुमचं, पुढच्या वेळी बघू." आणि तोही नमस्कार करून, सत्कारातली शाल घेऊन घरी गेला असता. न्यूयॉर्कमध्ये मात्र असे सांगण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथली रीत थोडी सविस्तर सांगते.

तिथे मतदार-यादीत नाव नोंदविताना आपण कोणत्या पक्षाचे, हेही मतदाराला लिहिता येते. न्यूयॉर्कमध्ये ज्याने 'डेमोक्रॅट' असे लिहिले असेल त्यालाच त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी वर्गणीची पावती लागत नाही की कुणा पदाधिकाऱ्याची शिफारस लागत नाही. बस चालविणारा, भांडी घासणारी, निवृत्त शिक्षक, सगळे सारखेच मतदार. उमेदवाराला मतपत्रिकेवर नाव आणायचे असेल तर पक्षाच्या अशा नोंदलेल्या मतदारांच्या 3,750 वैध सह्या गोळा कराव्या लागतात. सह्या मिळाल्या की नाव आले. पक्षाचा अध्यक्ष रागावला तरी ते नाव त्याला खोडता येत नाही.

ही रीत आकाशातून पडलेली नाही. एके काळी तिथेही उमेदवार बंद खोलीतच ठरत. न्यूयॉर्कमध्ये 'टॅमनी हॉल' नावाच्या टोळक्याच्या हाती डेमोक्रॅटिक पक्षाच्या नाड्या कित्येक दशके होत्या. नोकऱ्या, कंत्राटे आणि उमेदवाऱ्या सगळे तिथूनच वाटले जाई. त्याला कंटाळून विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारणावाद्यांनी हा अधिकार मतदारांकडे आणला. विस्कॉन्सिन राज्याने 1903 मध्ये तसा कायदा केला आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेले. म्हणजे आज आपण जिथे आहोत तिथे तेही होते.

आता ममदानी यांनी काय केले ते पाहू. 1 जानेवारी 2025 रोजी, ऐन थंडीत, ते अंगात कोट आणि गळ्यात टाय अशा वेषात कोनी आयलंडच्या समुद्रात उतरले. शहरात सुमारे दहा लाख घरे अशी आहेत की ज्यांचे भाडे किती वाढवायचे ते एक मंडळ ठरविते, आणि त्या मंडळाचे सभासद महापौर नेमतो. मी निवडून आलो तर ही भाडी गोठवीन, असे त्यांचे म्हणणे. ते सांगण्यासाठी ते आधी स्वतः गोठून आले! आम्ही मैत्रिणी हे बघून खूप हसलो. पण हसता हसता त्यांचा मुद्दा आमच्यासुद्धा ध्यानात राहिला, हे विसरून चालणार नाही. रस्त्यावर भात विकणाऱ्या गाड्यांपाशी उभे राहून त्यांनी विचारले की ताट दहा डॉलरला का झाले? गाडीवाल्यांनी सांगितले की परवाना सरळ मिळत नाही, तो दुसऱ्याकडून भारी किमतीला भाड्याने घ्यावा लागतो. तो सरळ मिळाला तर ताट आठ डॉलरला देता येईल. महागाईवर आपण निबंध लिहितो तेव्हा 'जागतिक परिस्थिती'पासून सुरुवात करतो. या माणसाने एका ताटापासून केली.

पैशाचीही एक वेगळी व्यवस्था तिथे आहे. शहरातल्या माणसाने उमेदवाराला लहान देणगी दिली, तर एका डॉलरमागे आठ डॉलर सरकारी निधीतून मिळतात, आणि त्या बदल्यात उमेदवाराने खर्चाची मर्यादा पाळायची. मार्च महिन्यातच ममदानी यांनी लोकांना सांगितले की आता पैसे पुरे झाले, कृपा करून आणखी पाठवू नका, त्याऐवजी दारोदार फिरायला या. आणि लोक आले. चाळीस हजारांहून अधिक स्वयंसेवक आणि दहा लाखांहून अधिक दारे, असा त्यांच्या मोहिमेचा हिशेब आहे. पुष्कळसे विशी-तिशीतले. दार उघडणाऱ्याला ते आधी विचारीत, तुम्हाला या शहरात कशाची अडचण होते?

ते हिंदी-उर्दूतही बोलले. न्यूयॉर्कमध्ये मत एकालाच द्यायचे नसते. पाच उमेदवारांपर्यंत पसंतीक्रम लावता येतो. ही पद्धत तिथल्या लोकांनी 2019 मध्ये कौल देऊन स्वीकारली आणि 2021 पासून ती वापरात आली. ती समजावण्यासाठी ममदानी यांनी आंब्याच्या लस्सीचे पेले पुढे मांडले आणि मध्ये जुन्या हिंदी सिनेमांचे तुकडे घातले. टॅक्सीवाले आणि दुकानदार यांना कळेल अशा भाषेत मतमोजणी शिकविणारा उमेदवार मी प्रथमच पाहत होते. या पसंतीक्रमामुळे आणखी एक गोष्ट घडली. 13 जून रोजी ममदानी आणि दुसरे उमेदवार ब्रॅड लँडर यांनी आपापल्या मतदारांना सांगितले की पहिली पसंती मला द्या आणि दुसरी याला. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या तोंडाने सुचविणारा उमेदवार आपल्याकडे दिसणे कठीण.

एक टक्क्याचे दहा झाले, दहाचे वीस, वीसचे तीस. आपल्याकडे यालाच 'हवा होणे' म्हणतात. परंतु दोन्हींत एक फरक आहे. आपल्याकडे तिकीट मिळाले की मग हवा करतात. गाड्या, फलक, डीजे, फुले उधळायला जेसीबी. तिथे तिकीट मिळण्यापूर्वीच हवा व्हावी लागते, कारण तिकीट देणारे लोकच असतात. त्या हवेचे एकक म्हणजे ठोठावलेले एक दार. 24 जूनला मतदान झाले तेव्हा तिथे अंगाची लाही करणारा उन्हाळा होता. तरीही दहा लाखांहून अधिक मते पडली. पहिल्या पसंतीत ममदानी यांना 43 टक्क्यांहून अधिक आणि कुओमो यांना 36 टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. कुओमो यांनी त्याच रात्री हार मान्य केली. 1 जुलैला पुढच्या पसंतीची मते मोजल्यावर हिशेब 56 विरुद्ध 44 असा लागला. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कुओमो अपक्ष म्हणून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. 1 जानेवारी 2026 रोजी ममदानी यांनी महापौरपदाची शपथ घेतली.

एवढ्या लांबच्या गोष्टीत मला इतका रस का, असे माझ्या मैत्रिणींनी मला विचारले. त्याचे उत्तर आमच्या घरात आहे.

दादा, म्हणजे माझे वडील, एका पक्षाचे कार्यकर्ते आहेत. पक्षाचे नाव सांगत नाही. दुसऱ्या पक्षाचे नाव घातले तरी गोष्ट तीच राहील. तीन एकर कोरडवाहू जमीन आणि पक्षाचे काम, एवढेच त्यांचे आयुष्य. सभेआधी सतरंज्या घालायच्या आणि सभेनंतर त्या उचलायच्या, हे त्यांनी अठरा वर्षे केले होते. 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत आमचा गट महिलांसाठी राखीव निघाला. मी तेव्हा पाचवीत होते. दादांनी आईचे नाव पुढे केले. आई सातवी शिकलेली. पण बचत गटाच्या कामामुळे आसपासच्या नऊ-दहा गावांतल्या बाया तिला नावाने ओळखत. कुणाचे कर्ज अडले, कुणाच्या सुनेचे रेशनकार्डावर नाव चढले नाही, की बाई आमच्या ओट्यावर येऊन बसे. ती निवडून आली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तिला बघून मत द्यावे की देऊ नये हे ठरविण्याइतकी माहिती त्या बायांपाशी होती.

आईने एका प्लॅस्टिकच्या फायलीत सगळे दाखले गोळा केले. थकबाकी नसल्याचा, शौचालय असल्याचा, जातीचा. दादा आणि ती तालुक्याच्या नेत्यांच्या बंगल्यावर चार वेळा जाऊन आले. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळे, "बघू, वर बोलतो." हे 'वर' म्हणजे नेमके कुठे, ते मला अजूनही कळलेले नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी आई फाईल घेऊन तहसील कचेरीच्या झाडाखाली बसून होती. पक्षाचा एबी फॉर्म आला तो दुसऱ्याच बाईच्या नावाने. त्या बाई जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, एका पुढाऱ्यांच्या सूनबाई. आमच्या गटातली गावे त्यांनी त्यानंतर प्रथम पाहिली असावीत. दुसऱ्या दिवसापासून दादा त्यांचीच पोस्टरे चिकटवायला गेले. घरात कुणी कुणाशी भांडले नाही. फक्त रात्री भाकरी थापता थापता आई म्हणाली, "त्यायला द्यायचं होतं, त्यायनं दिलं. गावाला इचारलं कुणी?"

ती फाईल अजून आहे. तिच्यात आता माझ्या गुणपत्रिका आणि शिष्यवृत्तीचे कागद असतात.

एबी फॉर्म हा कागद मी पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासात नीट समजून घेतला. पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कुणाला, हे एका नमुन्यात असते. आणि त्या अधिकाऱ्याने कुणाला उमेदवार केले, हे दुसऱ्यात. ठरलेल्या वेळेच्या आत तो कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. त्या दोन नमुन्यांत कुठेही, हा उमेदवार कसा निवडला, असा रकाना नाही. आपल्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख प्रथम आला तो 1985 च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीने. निवडून आलेल्याने पक्ष सोडू नये यासाठी कायदा आहे. पक्षाने उमेदवार कसा निवडावा यासाठी नाही. दारातून बाहेर जायला कुलूप आहे, आत कुणाला घ्यायचे ते मात्र मालकाच्या मर्जीवर!

पेरणीच्या त्या दिवसांत मी आईला न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. नावे तिच्या लक्षात राहिली नाहीत. पण 3,750 सह्यांचे ऐकून तिने हातातले बियाणे थांबवले. "म्हंजे आधी लोकायला भेटावं लागतंय?" ती म्हणाली. "मग बरंय की." आणि पुन्हा पेरायला लागली. मी पुस्तकांतून जे शोधीत होते ते तिने एका वाक्यात सांगितले असे मला वाटले. तिकीट जिथे ठेवलेले असेल तिथे माणूस जाऊन उभा राहतो. ते बंगल्यात असेल तर तरुण बंगल्याच्या फाटकाशी उभे राहतील, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लावतील, त्यांच्या गाडीमागे मोटारसायकली पळवतील. ते लोकांच्या दारात असेल तर तेच तरुण लोकांच्या दारात उभे राहतील आणि विचारतील, तुमची अडचण काय? तरुण तेच, त्यांची ताकदही तीच. आमच्या गावातल्या पोरांना काम करायला आवडत नाही असे मोठी माणसे म्हणतात. त्यांनी निवडणुकीच्या रात्री दादांच्या बरोबर पोस्टरे लावणारी पोरे पाहावीत. पहाटे चारपर्यंत जागतात. ती ताकद कुणाच्या दारी खर्च होते, एवढाच प्रश्न आहे.

या रीतीत दोष नाहीत असे मुळीच नाही. हा लेख दाखविला तेव्हा सरांनी मला ते लिहायला लावले आणि तेच योग्य आहे. न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या डेमोक्रॅट मतदारांपैकी साधारण तिनांतल्या एकानेच त्या जूनमध्ये मत दिले. ज्यांनी कोणत्याच पक्षाचे नाव लिहिलेले नाही, त्यांना तर अधिकारच नव्हता. पक्ष बदलून मत द्यायचे असेल तर त्याची मुदत 14 फेब्रुवारीलाच संपलेली होती, म्हणजे हवा होण्याच्या कितीतरी आधी. मोठ्या देणगीदारांचा पैसा प्राथमिक निवडणुकीतही वाहतोच, नाहीतर अडीच कोटी डॉलर कशाला जमले असते? आणि ज्याच्या आईचे नाव जगाला ठाऊक आहे अशा मुलाला पत्रकार लवकर भेटतात, हेही खरे. पण एवढे सगळे असूनही फेब्रुवारीत 1 टक्क्यावर असलेला माणूस जूनमध्ये जिंकू शकला, कारण मधल्या चार महिन्यांत त्याला थांबविणारी एकही सही नव्हती.

आपल्याकडे हे कधी करून पाहिलेच नाही असेही नाही. 2014 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने देशातल्या थोड्या मतदारसंघांत असा प्रयोग केला. त्यात आपल्या महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर हे दोन होते. परंतु तिथे मत देण्याचा अधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि ठरावीक कार्यकर्त्यांना होता, सामान्य मतदारांना नव्हता. वर्ध्यात त्या वेळच्या खासदारांच्या चिरंजीवांनाच कौल मिळाला. मुख्य निवडणुकीत दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि प्रयोगाचे नाव पुन्हा फारसे निघाले नाही. देशभर वारे उलटे होते, तेव्हा पराभवाचे खापर या प्रयोगावर फोडणे बरोबर नाही. पण एक धडा त्यातून मिळतो. बंगल्याचे दार थोडे किलकिले करून चारशे-पाचशे ओळखीची माणसे आत घेतली, तर ती ओळखीच्याच माणसाला निवडतात. दार पुरतेच उघडावे लागते.

आणि आपण विद्यार्थी? महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका 1990 नंतरच्या काळात हिंसाचाराच्या कारणाने बंद झाल्या. मग वर्गात गुण जास्त त्याला प्रतिनिधी करायचे, अशी पद्धत आली. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली आहे, पण आमच्या महाविद्यालयात तशी निवडणूक मी अजून पाहिलेली नाही. गुणवान विद्यार्थी प्रतिनिधी व्हायला माझी हरकत नाही. मागच्या वर्षी ती संधी मलाच मिळाली होती. पण वर्गातल्या साठ जणांनी मला कधी काही विचारले नाही आणि मलाही त्यांच्यापाशी जाऊन काही विचारावे लागले नाही. माझे तिकीट माझ्या गुणपत्रिकेत होते.

यंदा वसतिगृहात मात्र आम्ही एक गंमत केली. मेसची सेक्रेटरी दर वर्षी रेक्टर मॅडम नेमतात. आम्ही त्यांना विनंती केली की या वेळी आम्हाला पसंतीक्रमाने मतदान करू द्या. वहीचे कागद फाडून मतपत्रिका केल्या. तीन उमेदवार, 41 मतदार. पहिल्या पसंतीत 17, 14 आणि 10 अशी मते पडली, म्हणजे निम्म्याहून अधिक कुणालाच नाहीत. मग दहावालीचे नाव कमी करून तिच्या कागदांवरची दुसरी पसंती मोजली. चार मते पहिलीला आणि सहा दुसरीला गेली, आणि 21 विरुद्ध 20 असा निकाल लागला. जिंकली तीच, जिला मॅडमनी तसेही नेमले असते. काही मुली म्हणाल्या, मग एवढा खटाटोप कशाला केला? पण त्या आठवड्यात ती मुलगी आमच्या खोलीत दोनदा आली होती. आम्ही चौघी पलंगावर बसलेल्या, आणि ती दारात उभी राहून विचारीत होती, "भाकरी आठवड्यातून किती वेळा पाहिजे?" नेमलेली सेक्रेटरी आजवर कधी कुणाच्या खोलीत आली नव्हती. आता मंगळवारी आणि शुक्रवारी ज्वारीची भाकरी असते.

सर म्हणाले, ही पद्धत आपल्याला परकी नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, राज्यसभा आणि विधान परिषदेचे पदवीधर मतदारसंघ, इथे पसंतीक्रमच लावतात. पदवी मिळून तीन वर्षे झाली की पदवीधर मतदारसंघात नाव नोंदविता येते. आमच्या घराण्यात आजवर कुणी त्या यादीत गेलेले नाही. मी पहिली असेन. तिथलीही तिकिटे वरूनच येतात, हे मला ठाऊक आहे. तरी यादीत पत्ता गावाचाच द्यायचा, असे मी ठरविले आहे. मत मागायला कुणी आमच्या दारात आले, तर आईला तिथे मत नसेल. पण आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या तीच देईल, आणि विचारायचे तेही तीच विचारील.